तलवारीची धार

तलवारीची धार म्हणजे पात्याची कापणारी कड. ती किती तीक्ष्ण हवी हे समोर काय कापायचंय त्यावर ठरतं. वस्तऱ्यासारखी पातळ कड लावता येते, पण हाडावर किंवा ढालीवर आपटली की ती दुमडते नाहीतर टवका उडतो, म्हणून धारेच्या मागे जाडी ठेवतात आणि बाजू किंचित फुगीर घासतात. दोन्ही बाजू मिळून कोन साधारण 30 ते 40 अंश धरला जातो, पण तो आजच्या कारागिरांचा अंदाज, जुन्या पात्यांना सरसकट लावू नये. भारतीय तलवारींत मुठीलगतचा थोडा भाग बऱ्याचदा मुद्दाम बोथट सोडलेला दिसतो.

लोखंडी कड्यांचं चिलखत धारेने कापलं जात नाही, तिथे भोसकणंच बरं. कापूस भरलेल्या जाड अंगरख्यावर मात्र बोथट पातं नुसतं आदळतं, तिथे धार पाहिजेच आणि वार ओढून मारावा लागतो.

वाद आहे तो धार टिकते आणि इतकी कापते कशाने याचा. इंग्रज घोडदळाचा कॅप्टन लुईस नोलन याने 1853 मध्ये लिहिलंय की निजामाच्या स्वारांच्या तलवारी भयानक कापायच्या, आणि चौकशी केल्यावर कळलं की पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली, फक्त मूठ देशी बसवलेली, धार वस्तऱ्यासारखी लावलेली आणि म्यान लाकडाचं. इंग्रजांची म्यानं लोखंडी, त्यामुळे तलवार आत-बाहेर करतानाच कड मरायची. काही अभ्यासक श्रेय ओढून कापण्याच्या पद्धतीला देतात, तलवारीच्या मुठीची चकती मनगट अडवते आणि वार आपोआप ओढला जातो म्हणे. दोन्हीत तथ्य आहे, पण म्यानाचं कारण जास्त पटतं, कारण पातं तेच होतं.

ठाण्याच्या बाजूला हा विषय फिरंगीमुळे येतो. ही सरळ, लांब पात्याची तलवार, पाती पोर्तुगीजांमार्फत किनाऱ्यावर आली असं साधारण मानतात, पण युरोपी छाप इथल्या लोहारांनीही उमटवलेले असल्याने नुसत्या छापावरून पातं बाहेरचं ठरवणं धोक्याचं. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा नि तलवारीचे हात दाखवतात तेव्हा हत्यारं बोथट असणंच बरं, गर्दी पाहता दुसरा पर्याय नाही. दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या तलवारीला धार असो नसो, कोणी विचारत नाही. कायदाही धार मोजत बसत नाही, शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं मोजतात, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत.