लाल दिसणारं जंगल : विदर्भातल्या निसर्ग पर्यटनाच्या नकाशांची पार्श्वभूमी

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात १८०२ साली मद्रासजवळ करणारे विल्यम लॅम्बटन मोजत मोजत उत्तरेकडे आले आणि जानेवारी १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. देशाच्या नकाशाचा पाया घालणारा हा माणूस वर्धा जिल्ह्याच्या मातीत आहे, हे इथल्या शाळेत शिकवायला हवं असं मला फार वाटतं. पुढे त्या मोजणीवर जे नकाशे उभे राहिले, त्यात सरकारचा जीव सैन्य, महसूल आणि सागवानात अडकलेला होता. जंगलाकाठच्या गावाच्या हाती तो कागद क्वचितच पडला.

उपग्रहातून जमिनीची नियमित चित्रं घेणं १९७२च्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहापासून सुरू झालं. मार्च १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए उपग्रह उडाला, त्याच वर्षी नागपुरात राज्याचं सुदूर संवेदन (म्हणजे उपग्रहातून दुरूनच जमीन पाहणं) उपयोजन केंद्र उभं राहिलं. तरी खेड्यासाठी खरा बदल बराच उशिरा झाला. २००८ मध्ये लँडसॅटची चित्रं फुकट मिळू लागली आणि २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटर बारकाईची चित्रंही, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा दहा मीटरचा चौकोन. पोराच्या लॅपटॉपवर आता आपल्या गावाचं शिवार उघडतं.

पर्यटन मात्र रस्ता असेल तिथेच वाढत गेलं. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या तुकडीत आला. पण गाड्या कुठून न्यायच्या, हे जुन्या जंगलवाटांनीच ठरवलं. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं, म्हणजे आतल्या राखीव जंगलातलं पर्यटन थांबवलं. ऑक्टोबरमध्ये ते नव्या मार्गदर्शक सूचनांसह सुरू झालं, आणि त्यात गाभ्याच्या वीस टक्क्यांहून जास्त भाग वापरायचा नाही अशी मर्यादा आली. हे वीस टक्के नेमके कुठले, हे नकाशाशिवाय ठरतच नाही. बाकीचा भार बफरवर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यावर आला, आणि बफरमध्ये माणसं राहतात, धान पिकवतात, मोहफुलं वेचतात.

वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि जंगलाचं नियोजन करणारी ग्रामसभा कागदावर आली. या कायद्याच्या २०१२च्या सुधारित नियमांत एक वाक्य आहे, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं : उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड देईल, त्याची जागा घेणार नाही. वनहक्काच्या दाव्यांसाठी लिहिलेला हा नियम पर्यटनाच्या आखणीतही पाळायला हवा.

का, ते एका ग्रामसभेत कळलं. गोंदियाकडचं गाव, पर्यटकांसाठी पायवाट आखायची होती, जमिनीवर उपग्रहाच्या चित्राचा मोठा छापील कागद पसरलेला. एका आजीने तो पाहिला आणि दचकून विचारलं, "का रे बाबू, जंगलाले आग लागली का?" पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परतवतं आणि चित्रात ते लाल रंगाने दाखवतात, म्हणून जंगल लाल. ऑक्टोबरच्या चित्रात धानाची बांधी (बांध घातलेलं शेत) आणि सागवान दोन्ही लाल, वेगळं करणं कठीण. मेमध्ये साग उघडा पडतो, बांध्या रिकाम्या होतात. उरतात बोडीतलं (गावतळ्यातलं) चित्रात काळं दिसणारं पाणी आणि नाल्याकाठच्या जांभूळ-अर्जुनाची बारीक लाल रेघ.

आम्ही पायवाट त्या रेघेवरूनच आखली होती. सावली मिळेल म्हणून. आजीने त्यावर बोट ठेवलं. "इथून लोकायले नोको नेऊ. वैशाखात भरदुपारी अस्वल तिथंच बसते." दहा मीटरच्या चौकोनात अस्वल दिसत नाही, आणि आमच्यापैकी कुणी वैशाखात तिकडे पायी फिरलेलं नव्हतं.

वाट बोडीच्या पाळीवरून वळवली. तिथे सावली नाही, म्हणून फेरी सकाळी नऊच्या आत संपवायची असं सभेने ठरवलं.