घाटरस्त्यांवरील चिन्हे व सुरक्षितता (बेळगाव सीमाभाग)

बेळगावकडून कोकणात व गोव्यात उतरणाऱ्या रस्त्यांवर पुढच्या धोक्याची सूचना देणारे फलक, रंगपट्टे व रूढ संकेत, तसेच ते ओळखून घाट चढण्या-उतरण्याची रीत. वाटा मुख्यतः तीन : जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट, खानापूर-लोंढा-रामनगरवरून अनमोड घाट आणि शिनोळीवरून आंबोली घाट. बाजार, नोकरी, सोयरीक यांसाठी सीमाभागातली माणसे या रस्त्यांनी सतत ये-जा करतात.

राज्य बदलले की पाट्यांची भाषा बदलते. कन्नड, मराठी, कोंकणी अशी अक्षरे येत-जात राहतात. चित्र मात्र तेच राहते, म्हणून अक्षरांपेक्षा आकार आणि रंग ओळखता येणे अधिक मोलाचे. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावधान : तीव्र उतार, केसपिन वळण, निसरडा रस्ता, दरडीचे दगड. गोल फलक हुकूम सांगतो. त्यातही लाल कडेचा गोल मनाई करतो, तर निळा गोल अमुक कराच म्हणतो. निळ्या गोलात भोंगा दिसला तर हॉर्न वाजवणे सक्तीचे आहे. लाल गोलात तोच भोंगा तिरप्या रेघेने छेदलेला असेल तर वाजवायचा नाही. आंधळ्या वळणावर हा फरक चुकणे महागात पडते. चौकोनी पाटी केवळ माहिती देते. पुलाच्या वा मोरीच्या कठड्यापाशी पिवळे-काळे तिरपे पट्टे असतात, त्यांचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो : पट्टे ज्या बाजूला खाली उतरतात, त्या बाजूने गाडी काढायची.

या भागातला खरा शत्रू धुके. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, आणि आषाढ-श्रावणात तिथे भर दुपारी दिवे लावून गाडी हाकावी लागते. अशा वेळी अप्पर दिवा लावला तर उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो आणि आहे तेवढेही दिसेनासे होते. दिवा डिपरवरच ठेवून डाव्या कडेची पांढरी रेघ धरावी. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. पाच-सहा पावलांपलीकडचे दिसत नसेल तर तो वेगही जास्तच. त्यात फलकावर शेवाळ चढते, वेल पसरतात, लाल काठ विटून गुलाबी होतो. पावसाळ्यापूर्वी रस्त्याच्या डांबराइतकीच या पाट्यांचीही निगा राखायला हवी.

उतरणीचा नियम जुन्या चालकांनी पक्का बसवलेला आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे हा निव्वळ घातकीपणा आहे. इंजिनाची ओढ सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून पकड सोडतात; जळका वास आला तर गाडी कडेला घेऊन त्यांना निवू द्यावे. रस्ता अरुंद असून दोन गाड्या मावत नसतील तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, असा कायदाच आहे. चढावर थांबलेली भरलेली ट्रक पुन्हा उचलणे अवघड असते, हे त्यामागचे कारण.

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. वन्यप्राण्यांच्या फलकापाशी संध्याकाळनंतर गवा आडवा येऊ शकतो; एक ओलांडून गेला तरी मागे कळप असू शकतो, म्हणून लगेच गाडी दामटू नये.

सरकारी फलकांखेरीज एक गावठी चिन्हही आहे. वळणावर गाडी बंद पडली की चालक चाकाला दगड लावतो आणि मागे काही अंतरावर रस्त्यात हिरवी फांदी टाकतो. फांदी दिसली की पुढे गाडी उभी आहे असे समजून वेग कमी करतात. गाडी सुरू झाल्यावर फांदी वाऱ्याने उडून जाते, पण दगड तिथेच राहतो आणि रात्री दुचाकीस्वार त्यावर आदळतो. म्हणून जाणता क्लीनर गाडीत चढण्याआधी तो दगड गटारापलीकडे लोटून येतो.