साइटचं नवं खातं उघडायला एक दिवस का लागतो, आणि फी का वाढली

नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेकांनी फोन करून विचारलं, "पूर्वी पाच मिनिटांत साइट चालू व्हायची. आता माझ्या मेहुण्याला खातं हवं होतं, तर तुम्ही आधी फोन केलात, दुकानाचा फोटो मागितलात आणि एक दिवस लावलात. असं का?" प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईत दिलेल्या उत्तराने तुमचं समाधान होत नाही आणि आमचंही होत नाही, म्हणून हे पत्रक काढलं.

आम्ही तिघं सांगलीतून ही सेवा चालवतो. हळदीचे व्यापारी, शिकवणी वर्ग, पेणचे गणपती कारखाने, कोकणातल्या घरगुती खाणावळी अशा सुमारे चारशे जणांच्या साइट, ऑर्डरचे फॉर्म आणि मेल आमच्याकडे आहेत. वर्षानुवर्षं आम्ही पंधरा दिवसांचं मोफत खातं देत होतो. मोबाइल नंबर टाका, नाव निवडा, साइट चालू. नवा धंदा सुरू करणाऱ्याला ते फार उपयोगाचं होतं. ते बंद करताना आम्हाला खरंच वाईट वाटलं.

बंद का केलं ते सांगतो. मागच्या वर्षी जुलैत, शनिवारी रात्री अकराच्या सुमारास कुणीतरी असं एक मोफत खातं उघडलं. त्यावर एकच पान बनवलं. वर एका बँकेचं चिन्ह, खाली "आपले केवायसी आज रात्री संपत आहे", आणि त्याखाली तीन रकाने : मोबाइल नंबर, कार्ड नंबर, पिन. पान इतकं नीटनेटकं होतं की आमच्यातल्या एकाला ते क्षणभर खरंच वाटलं. त्याची लिंक रातोरात एसएमएसने फिरली. पहाटेपर्यंत फसव्या साइट ओळखणाऱ्या गूगलच्या सेफ ब्राउझिंग सेवेने आमचं डोमेन, म्हणजे सगळ्या साइटच्या पत्त्यांतलं आमचं सामाईक नाव, धोकादायक यादीत टाकलं. फक्त ते पान नाही, अख्खं डोमेन.

रविवारी सकाळी साडेसातला पेणहून फोन आला. मुंबई-पुण्याची मंडळी मूर्ती ठरवतात ते हेच दिवस. कारखान्याचा कॅटलॉग उघडला की लाल पडदा येत होता, पुढची साइट फसवी आहे असं सांगणारा. त्यांच्या पंधरा वर्षांच्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "दादा, तुमचं सगळं ठीक आहे ना?" आम्ही ते बनावट पान दहा मिनिटांत काढलं आणि फेरतपासणीची विनंती लगेच केली, तरी पडदा हटायला सोमवारची संध्याकाळ उजाडली. ऐन हंगामातले दोन दिवस गेले. त्यात त्या कारखानदाराची काडीची चूक नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागली. त्या भामट्याने माहिती गोळा करायला आमचाच फॉर्म वापरला होता. त्यात अकरा जणांनी कार्ड नंबर आणि पिन भरलेले होते. ती यादी पाहिली आणि पोटात खड्डा पडला. आम्ही तिघांनी मिळून अकराही जणांना फोन लावले : बँकेला सांगून कार्ड बंद करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. एका आजींनी थेट विचारलं, "तुम्हीच का ते केवायसीवाले?" नाही म्हणालो, पण त्यांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा, हे काही आम्हाला सांगता येईना. शेवटी म्हटलं, "आजी, आमचं ऐकू नका. बँकेच्या पासबुकावरचा नंबर बघा आणि तिथे फोन करा." ते त्यांना पटलं.

म्हणून आता नवं खातं उघडण्याआधी आमच्यापैकी एक जण फोन करतो. धंदा काय, कुठे, पाटीचा एक फोटो. बहुतेक भामटे इथेच गळतात, कारण त्यांना एका रात्रीत पन्नास खाती हवी असतात, फोनवर बोलायचं नसतं. पहिले पंधरा दिवस नव्या साइटवर कार्ड, पिन, पासवर्ड, ओटीपी असे शब्द असलेला फॉर्म आपोआप थांबतो आणि आम्ही पाहिल्यावरच चालू होतो. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांच्या '.टीके' डोमेनचं काय झालं ते आमच्या धंद्यातले सगळे जाणतात. ती नावं मोफत मिळायची आणि फसवणुकीसाठी इतकी वापरली गेली की ती वाटणाऱ्या फ्रीनॉम कंपनीवर २०२३ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने खटला भरला. त्याच वर्षी नवी नोंदणी थांबली आणि २०२४ मध्ये कंपनीने हा धंदाच सोडला.

तुमच्या साइटचा पत्ता बदलला, त्यामागेही तेच कारण आहे. पूर्वी आमची स्वतःची साइट, तुमच्या लॉगिनचं पान आणि तुम्हा सर्वांची दुकानं एकाच डोमेनखाली होती. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या साइटने याच कारणासाठी २०१३ मध्ये लोकांची पानं वेगळ्या डोमेनवर हलवली. आम्ही ते उशिरा केलं, ही चूक आमची. आता दुकानांचं डोमेन वेगळं आहे. एका डोमेनखाली वेगवेगळ्या मालकांच्या साइट कुठे असतात, याची एक सार्वजनिक यादी फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या पुढाकाराने चालते आणि ब्राउझर ती वाचतात. त्या यादीतही आपलं डोमेन नोंदवलं आहे. जुना पत्ता टाकला तरी गिऱ्हाईक नव्या जागीच पोहोचतं, त्यामुळे छापलेली कार्डं फेकू नका.

"धन्यवाद" मेलमधून गिऱ्हाइकाचं नाव का गेलं?

ही तक्रार सर्वांत जास्त आली. कुणी चौकशीचा फॉर्म भरला की त्याला "सुनीताताई, आपला निरोप मिळाला" असं उत्तर जायचं. छान वाटायचं. बॉटना, म्हणजे माणसाशिवाय आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रामना, त्यातली फट सापडली. मेलच्या रकान्यात ते कुणा तिऱ्हाइताचा पत्ता टाकत आणि नावाच्या रकान्यात जाहिरात आणि लिंक. मग आमचा सर्व्हर तुमच्या दुकानाच्या नावाने त्या तिऱ्हाइताला जाहिरात पाठवायचा. ज्याला ती जाई तो 'स्पॅम' दाबणारच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम असा की जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजारातल्या तिघांनी बटण दाबलं की संपलं. सणासुदीला तुम्हा सर्वांचे मिळून आपण तो ५,००० मेलचा आकडा ओलांडतो. तुमची बिलं आणि ऑर्डरच्या पावत्याही त्याच सर्व्हरवरून जातात, त्या गिऱ्हाइकाच्या इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये पडू लागल्या होत्या. म्हणून आता उत्तरात फक्त ठरलेला मजकूर जातो, फॉर्ममध्ये लिहिलेलं काहीच जात नाही.

फॉर्मवर चित्रं ओळखण्याचं कोडं मात्र आम्ही लावलेलं नाही. साठीतल्या गिऱ्हाइकाला छोट्या फोनवर ट्रॅफिक सिग्नल शोधायला लावणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी फॉर्ममध्ये एक रकाना लपवून ठेवला आहे. माणसाला तो दिसत नाही, बॉट तो इमानेइतबारे भरतो आणि पकडला जातो. सगळे पकडले जात नाहीत, पण पुष्कळ जातात.

परदेशातल्या नंबरांवर ओटीपीचा एसएमएस जाणं बंद केलं आहे. बॉट महागड्या परदेशी नंबरांसाठी रात्रभर ओटीपी मागत राहत आणि प्रत्येक एसएमएसचे पैसे आम्हाला पडत. अमेरिकेतून किंवा आखातातून मूर्ती मागवणाऱ्या तुमच्या गिऱ्हाइकांना आता ओटीपी मेलवर येतो. त्यांना तेवढं आवर्जून सांगा.

फी

१ एप्रिलपासून वर्षाची फी २,४०० ऐवजी २,९०० रुपये आहे. वाढलेल्या पाचशेतला मोठा भाग बॉटमुळे जातो. एआयसाठी माहिती गोळा करणारे बॉट तुमच्या कॅटलॉगचे तेच ते फोटो पुन्हा पुन्हा उतरवून नेतात. बॉटनी कुठे यायचं नाही हे सांगणाऱ्या 'रोबोट्स.टीएक्सटी' या फाइलची प्रथा १९९४ पासूनची आहे, पण ती निव्वळ विनंती असते आणि यातले कित्येक ती वाचतही नाहीत. हे एकट्या आपल्यावर आलेलं नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडे चित्रं-व्हिडिओ उतरवण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला, आणि तो मुख्यतः बॉटमुळे. त्यांच्यासारख्यांना हे जड जातं, तर आमच्या भाड्याच्या दोन सर्व्हरचं काय होणार? तिसरा घ्यावा लागला.

बाकीचा भाग माणसाच्या वेळेचा आहे. कुणी तक्रार केली तर ती वाचायला, पान तपासायला आणि सरकारी नियमाप्रमाणे कळवायला कुणीतरी जागं असावं लागतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार अशा घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यावर काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे आम्ही तिघं आळीपाळीने ते करतो.

तुमच्याकडून हवं ते

साइटचा पासवर्ड इतर कुठे वापरत असाल तर आजच बदला. गेल्या वर्षभरात आमच्याकडे ज्या चार चालू साइटमध्ये परके घुसले, त्या चारही ठिकाणी पासवर्ड दुसरीकडून फुटलेलाच होता. दुकानातला मुलगा काम सोडून गेला की त्याचं लॉगिन काढा, विसरलात तर आम्हाला सांगा, आम्ही काढू. "सर्व्हर टीमकडून बोलतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो आमचा नव्हे, आम्ही ओटीपी कधीच विचारत नाही. आणि आपल्या डोमेनखाली एखादं संशयास्पद पान दिसलं तर दुसऱ्याला त्याची लिंक पुढे धाडू नका, स्क्रीनशॉट घेऊन मागच्या पानावरच्या नंबरावर पाठवा.

नवी खाती सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत उघडतो. रविवारी उघडत नाही. बनावट पानाची तक्रार मात्र रविवारीही बघतो, रात्रीही.