उलटा वस्तरा फिरवला की दाढी दाट येते?

समज जुना आहे: मिसरूड फुटलेल्या मुलाच्या गालावर उलटा, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध, वस्तरा फिरवला, की दाढी दाट आणि राठ येते.

वस्तरा कापतो तो केसाचा मृत भाग. केस वाढतो त्वचेखालच्या मुळातून, आणि तिथवर पातं पोचतच नाही. मग खुंट का टोचतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. शिवाय त्या वयात दाढी तशीही दाट होतच असते. श्रेय मात्र वस्तऱ्याला जातं.

पडताळून पाहा. हातावर 2 सेंटीमीटरचा चौकोन आखून 2 महिने दर आठवड्याला तिथले केस वस्तऱ्यानं काढा. नंतर 3 महिने वाढू द्या आणि भिंगाखाली शेजारच्या तेवढ्याच भागाशी मोजून ताडा.

वस्तऱ्याचा उलटा हात खरा कामाचा आहे तो गुळगुळीतपणासाठी. आधी कातडी ताणून, पातं साधारण 30 अंशांत धरून केसांच्या दिशेनं. पुन्हा फेस लावून आडवा. उलटा सगळ्यात शेवटी, तोही हात बसल्यावर. दाब अजिबात नको. फार खोल कापलेला केस आतच वळतो आणि पुटकुळी येते. कुरळ्या दाढीला हा हात टाळलेलाच बरा.