पाकिस्तानी सिनेमाचं गाणं आधी का पोचतं?

ईदला लागणाऱ्या पाकिस्तानी सिनेमाचं पहिलं गाणं काही आठवडे आधी बाहेर पडतं आणि तिथूनच सिनेमाचा निकाल लागल्यासारख्या गप्पा सुरू होतात. लाहोर-कराचीत तर होतातच, दुबई-लंडनमध्येही होतात आणि परवापरवापर्यंत पुण्या-मुंबईतही होत होत्या. सिनेमा दिसणार की नाही हे आपल्याकडे नक्की नसायचं, पण गाणं पाठ झालेलं असायचं.

लाहोरच्या स्टुडिओंचे पन्नास-साठच्या दशकांतले बहराचे दिवस, तिथली गझल आणि मुंबईहून तिकडे गेलेले सूर यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालंय. इथे एवढंच लक्षात घ्यायचं की १९६६ साली 'अरमान' सिनेमातलं 'को को कोरिना' गाजलं, तेव्हा गाणं सिनेमाच्याच मालकीचं होतं. सत्तरचं दशक संपता संपता ही मालकी सुटली. लष्करी राजवटीने निर्मात्यांच्या नोंदणीचे नियम आवळले, करांचा बोजा होताच, आणि घरोघरी व्हीसीआर आल्यावर मध्यमवर्ग चोरून आलेले हिंदी सिनेमे घरीच पाहू लागला. थिएटरात उरली ती गंडासावाली, म्हणजे लांब दांड्याची कुऱ्हाड परजणाऱ्या नायकांची, पंजाबी मारधाड. १९७९ चा 'मौला जट' तिचा मूळपुरुष.

गाणं मात्र तेवढ्यात टीव्हीवर जाऊन बसलं. १९८७ साली 'दिल दिल पाकिस्तान' आलं ते सरकारी वाहिनीवर, चार पोरांच्या बँडचं. त्यानंतर बँड, खाजगी वाहिन्या, मालिकांची शीर्षकगीतं. आपल्याकडे गायक सिनेमामुळे मोठा होतो. तिकडे दोन पिढ्या सिनेमाचं तोंड न पाहता मोठ्या झाल्या. हिंदी सिनेमाने १९८० पासून अधूनमधून आणि २००३ नंतर नेमाने जे आवाज उचलले, ते बहुतेक याच शाळेतले. सिनेमा मोडकळीला आला होता आणि गाणं धडधाकट होतं. पुढचं सगळं या विसंगतीतून आलं.

आता तो निर्णय, ज्यावर तिकडे अजून भांडणं होतात. १९६५ च्या युद्धानंतर भारतीय सिनेमांच्या आयातीवर पाकिस्तानने बंदी घातली. २००६ साली रंगीत केलेल्या 'मुघल-ए-आझम'ला खास बाब म्हणून परवानगी मिळाली आणि २००८ पर्यंत नवे हिंदी सिनेमेही रीतसर लागू लागले. 'रीतसर' हा शब्द जरा सांभाळूनच वापरायचा. बंदी उठवल्याची एखादी ठसठशीत घोषणा शोधायला गेलं तर हाती लागतात त्या विशेष परवानग्या, सवलती आणि तिसऱ्या देशाच्या नावाने आलेल्या प्रिंट. म्हणूनच २०१३ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या न्यायालयात एक याचिका गेली आणि अंतरिम आदेशाने हिंदी सिनेमे रोखले गेले. परवानगी कागदावर भक्कम असती तर एका याचिकेने एवढं हललं नसतं.

लाहोरच्या निर्मात्यांचा या परवानगीला पहिल्यापासून विरोध होता, आणि तो जुनाच होता. १९५४ सालीच एका आयात हिंदी सिनेमाविरुद्ध तिथले नामवंत कलावंत रस्त्यावर उतरले होते, काहींना अटकही झाली होती. मुंबईचा पैसा आणि मुंबईचे तारे यांच्यापुढे आपला सिनेमा उभा राहणार नाही, हे त्यांचं म्हणणं. थिएटरमालकांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. दाखवायला काही नसेल तर पडदे राहणारच नाहीत, आणि पडदे नसतील तर तुमचा सिनेमा लावायचा कुठे? त्यांची भीती पोकळ नव्हती. जुनी थिएटरं पाडून तिथे शॉपिंग प्लाझा उभे राहत होते.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं असं म्हणून मोकळं होता येईल, पण घडलं ते थिएटरमालकांच्या बाजूने. हिंदी सिनेमाच्या गल्ल्यावर कराची, लाहोर, इस्लामाबादेत मल्टिप्लेक्स उभी राहिली. तिकीट महागलं, कुटुंबं परत आली, आणि त्याच पडद्यांवर २०१३ पासून नवा उर्दू सिनेमा चालू लागला. ज्या आयातीने स्थानिक सिनेमा मरेल असं सांगितलं जात होतं, तिनेच त्याला छप्पर दिलं. लाहोरच्या जुन्या मंडळींना हे आजही मान्य नाही. एका गोष्टीत मात्र त्यांचं खरं ठरलं. छप्पर मिळालं ते त्यांना नव्हे, कराचीच्या टीव्हीवाल्यांना.

कारण नव्या सिनेमाचे निर्माते बहुधा वाहिन्याच होत्या. दिग्दर्शक मालिकांतले, नटनट्या मालिकांतल्या, आणि सवयही मालिकांचीच : आधी शीर्षकगीत सोडायचं, लोकांच्या तोंडी बसू द्यायचं, मग कथा. या सवयीला आणखी एक धागा जोडलेला आहे. २००७ चा 'खुदा के लिए' पुढच्या एप्रिलात भारतात लागला, तेव्हा चार दशकांनंतर इथे आलेला पाकिस्तानी सिनेमा म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. त्याचा दिग्दर्शक १९८७ च्या त्या गाण्याच्या चित्रीकरणामागचाच माणूस होता आणि संगीतकार त्याच बँडचा कीबोर्डवादक. याच संगीतकाराने २००८ साली 'कोक स्टुडिओ' हा शीतपेयाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला, ज्याने लोकगीत आणि कव्वालीला गिटार-ड्रमच्या सोबतीने नवं वय दिलं. या गाण्यांना ना नायक होता, ना कथा, ना थिएटर, तरी ती सीमेपार पोचली. २०२२ चं 'पसूरी' आपल्याकडच्या लग्नांतही वाजलं. पाकिस्तानी सिनेमाच्या गाण्यांकडून आज ज्या अपेक्षा असतात, त्या या कार्यक्रमाने लावलेल्या आहेत. सिनेमाला त्या पेलतात का? क्वचित. पडद्यावर येईपर्यंत बऱ्याचदा त्याच गाण्यावर नाच बसवलेला असतो आणि कान खट्टू होतात.

२०१६ च्या सप्टेंबरात उरीनंतर इथल्या निर्मात्यांच्या संघटनेने पाकिस्तानी कलावंतांवर बंदी घातली. तिकडच्या थिएटरमालकांनी प्रत्युत्तर म्हणून हिंदी सिनेमे थांबवले, आणि डिसेंबरात, गल्ले रिकामे पडल्यावर, पुन्हा लावले. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर ते पुन्हा थांबले, ते अजून आलेले नाहीत. लाहोरची १९५४ ची मागणी अशी आपोआप पूर्ण झाली. ईदच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन आठवडे परदेशी सिनेमे नकोत, असा स्थानिकांना आडोसा देणारा आदेश २०१८ सालीच निघाला होता. आता मैदानच मोकळं झालं.

पण मोकळ्या मैदानात उतरायला सिनेमे कुठे होते? वर्षभर पडदे भरतील इतके ते बनतच नव्हते. जे बनत, ते ईदला एकदम येत. २०२२ च्या रमजान ईदला पाच एकत्र आले, काही दिवसांत हॉलिवूडचा एक सुपरहिरो आला आणि त्याने त्यांचे खेळ खाल्ले. निर्मात्यांनी पत्रकार परिषद घेऊन थिएटरमालकांवर राग काढला. अशा गर्दीत आपला सिनेमा ओळखू यावा म्हणून हाताशी असतं ते गाणं. नव्या सिनेमाची चर्चा गाण्यापासून सुरू होते त्यात रसिकतेइतकाच या हिशेबाचाही भाग आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात 'मौला जट'चा नवा अवतार आला आणि कमाईचे तिकडचे सगळे विक्रम मोडून गेला. भारतात तो लावण्याचे दोन प्रयत्न झाले. डिसेंबर २०२२ चा गळाला. ऑक्टोबर २०२४ चा बेत पंजाबपुरता होता, तरी महाराष्ट्रात लावू देणार नाही असा इशारा मुंबईतून आधीच गेला होता, आणि तो बेतही बारगळला. याच मुंबईत २०१६ साली पाकिस्तानी नट असलेल्या हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांपुढे सैनिक कल्याण निधीला पाच कोटी देण्याची अट मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी ठेवली गेली होती. आणि पाकिस्तानी कलावंतांवर सरसकट बंदी मागणारी याचिका २०२३ च्या ऑक्टोबरात फेटाळली, तीही मुंबईच्याच उच्च न्यायालयाने. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे कायद्याने दार बंद नव्हतं, तरी थिएटरवाला कुलूप काढायला धजत नव्हता.

पहलगामनंतर हे चित्र बदललं. मे २०२५ मध्ये इथे लागणाऱ्या, पाकिस्तानी नायक असलेल्या एका हिंदी सिनेमाची गाणी भारतातल्या यूट्यूबवरून सिनेमाआधीच उतरली. सिनेमा इथे लागला नाही, सप्टेंबरात परदेशात लागला. १ मे रोजी पाकिस्तानातल्या एफएम केंद्रांनी भारतीय गाणी थांबवली. ८ मे रोजी भारत सरकारने ऑनलाइन मंचांना पाकिस्तानातून आलेला मजकूर काढून टाकण्याची सूचना दिली. तिच्यात मालिका आणि चित्रपटांच्या जोडीला गाणी आणि पॉडकास्टही नावानिशी होते.