कूपनवर मागवलेली रायफल आणि त्यानंतरची अमेरिका

१९६३च्या मार्चमध्ये ली हार्वे ऑस्वाल्डने मासिकातलं एक कूपन कापलं, त्यावर ‘ए. हायडेल’ असं खोटं नाव लिहिलं आणि मनीऑर्डरसोबत शिकागोच्या एका दुकानाकडे पाठवलं. टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. तेवढ्यात इटालियन लष्कराची जुनी रायफल, वर दुर्बीण बसवलेली, डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर येऊन पोहोचली. ओळख पटवून घेण्याची सक्ती कुणावरच नव्हती. त्याच रायफलने २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींचा जीव घेतला.

हे कूपन होतं नॅशनल रायफल असोसिएशनच्या, म्हणजे एनआरएच्या मासिकातलं. टपालाने बंदुका विकणं थांबवावं, या मागणीला पुढे एनआरएचे तेव्हाचे प्रमुख फ्रँकलिन ऑर्थ यांनीच संसदेत पाठिंबा दिला. बंदुकांवरच्या निर्बंधांना कडाडून विरोध करणारी आजची एनआरए पाहिलेल्यांना हे पटणार नाही. पण ही संघटना १८७१मध्ये निघाली ती यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी फारच कच्ची निघाली म्हणून. पुढची शंभर वर्षं तिचा जीव शिकार आणि नेमबाजीच्या स्पर्धांतच होता. गुंडांच्या टोळ्यांच्या हातातल्या मशीनगनवर १९३४मध्ये जबर कर बसला, तेव्हा कायद्याच्या मसुद्यावर सरकारशी बोलणी करायला तिचेच पदाधिकारी बसले होते.

आणि अमेरिकी राज्यघटनेतली ती प्रसिद्ध दुसरी घटनादुरुस्ती? १७९१ची, इंग्रजीत अवघ्या २७ शब्दांची. आधी सुव्यवस्थित लोकसेनेची, म्हणजे सामान्य नागरिकांच्या फौजेची, गरज सांगितली आहे आणि मग लोकांचा शस्त्रं बाळगण्याचा हक्क. खड्या फौजेची धास्ती घेतलेल्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राज्यांची ती भाषा. १९३९मध्ये आखूड नळीच्या शॉटगनचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाने हा हक्क लोकसेनेशीच जोडला.

या इतिहासातला एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. बंदुकांवरचे निर्बंध दरवेळी सुरक्षेच्याच पोटी आले असं नाही. गुलामगिरी संपताच दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना शस्त्रबंदी केली. मे १९६७मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते उघड्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्यानंतर गव्हर्नर रेगन यांनी भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी नेण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले आणि १९६८च्या केंद्रीय कायद्याने टपालविक्री अखेर थांबली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना देशभर नोंदणी आणि परवाना हवा होता. तो मिळाला नाही.

खरं वळण २१ मे १९७७चं. सिनसिनाटीत एनआरएचं वार्षिक अधिवेशन होतं. नेतृत्वाला मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोला हलवून शिकार आणि निसर्गसंवर्धनाकडे वळायचं होतं. बंदुकांच्या हक्कासाठीच लढायला हवं असं मानणारे, शिकाऱ्यांच्या भगव्या टोप्या घातलेले बंडखोर सभासद हातात वॉकीटॉकी घेऊन सभागृहभर पसरले, ठरावामागून ठराव आणत राहिले आणि पहाटेपर्यंत चाललेल्या सभेत त्यांनी जुन्या नेत्यांना खाली खेचलं. हार्लन कार्टर प्रमुख झाले. तीन वर्षांनी एनआरएने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पहिल्यांदाच पाठिंबा जाहीर केला, तो रेगन यांना.

१९८६च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही करायला मनाई केली. याचा अर्थ काय, हे वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला दिसतं. बंद पडलेल्या बंदुकांच्या दुकानांची दफ्तरं तिथल्या सरकारी केंद्रात खोक्यांनी येतात. कागद स्कॅन होतात, पण नाव टाकून शोध घेता येत नाही. गुन्ह्यात बंदूक सापडली की कर्मचारी नंबर घेऊन आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकान बंद झालेलं असेल तर पानं एकेक करून चाळतात. खून झालेल्या माणसाच्या घरच्यांनी इतकं थांबायचं, हे मला अन्यायाचंच वाटतं.

पुढचं वेगाने घडलं. १९९३मध्ये खरेदीदाराच्या तपासणीचा ब्रेडी कायदा आला, १९९४मध्ये लष्करी धाटणीच्या रायफलींवर दहा वर्षांची बंदी आली. २००४मध्ये तिची मुदत संपली. कुणी ती वाढवली नाही. २००७मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, लोकसेनेशी संबंध असो वा नसो. २०१२मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० चिमुकली मुलं गेली. तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव चार महिन्यांनी सिनेटमध्ये आला. बाजूने ५४ मतं, हवी होती ६०.

२३ जून २०२२ला त्याच न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना परवाना नियम रद्द केला आणि घराबाहेर बंदूक बाळगण्याचाही हक्क मान्य केला. दोनच दिवसांनी बायडेन यांनी जवळपास तीस वर्षांतल्या पहिल्या मोठ्या बंदूक कायद्यावर सही केली: २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची जास्त कडक तपासणी. टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेतली १९ मुलं आणि दोन शिक्षिका जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. मारेकरी १८ वर्षांचा होता आणि त्याने रायफल दुकानातून, रीतसर कायद्याने विकत घेतली होती.