मुलाला शिबिराला पाठवताना: फॉर्ममध्ये काय सांगायचं, काय राखायचं

परीक्षा संपली की कोल्हापुरात शिबिरांचे बोर्ड लागतात, आणि जून उजाडला की पन्हाळा–पावनखिंड मोहिमेची नावनोंदणी सुरू होते. अशा नोंदणीच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसते आहे. पालक कोणता रकाना झरझर भरतात, कुठे पेन थांबतं आणि कुठे सरळ खोटं लिहितात, हे आता न बघताही कळतं.

एका वर्षी मसाई पठारावर पाऊस तिरका मारत होता आणि सातवीतला एक मुलगा धापा टाकत खाली बसला. फॉर्मवर ‘आजार: काही नाही’ असं लिहिलेलं. सॅकच्या तळाशी, मोज्यांच्या गुंडाळीत, इनहेलर सापडला. रेंज मिळाल्यावर आईला फोन लावला, तर ती म्हणाली, “दम्याचं लिहिलं असतं तर तुम्ही घेतलं असतंत काय त्याला?” मी गप्प बसले. कारण त्याच फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात छापलं होतं: ‘आजारी मुलांना प्रवेश नाही.’

त्या माउलीनं माहिती लपवली ती भीतीपोटी. माहिती सांगितली म्हणून मूल नाकारलं जाणार नाही आणि सांगितलेली माहिती गावभर होणार नाही, या दोन्ही गोष्टींची खात्री असेल तरच पालक खरं लिहितात. म्हणून अर्ज भरायच्या आधी काय विचारायचं, कोणते कागद द्यायचे आणि कोणते नाहीत, ते इथं सांगते.

आधी संस्थेचे कागद बघा

आपण मुलाचे कागद गोळा करत बसतो, पण संस्थेचे कागद कुणी मागत नाही. महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणचे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं त्यात आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा. सोबत विमा आहे का, प्रथमोपचार शिकलेला माणूस प्रत्येक गटाबरोबर असतो का, प्रशिक्षकांनी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स कुठून केला आणि त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही विचारा. मुली मुक्कामी असतील तर रात्री महिला प्रशिक्षक थांबणार आहेत का, हे तर विचाराच. चांगली संस्था या प्रश्नांनी चिडत नाही. जी चिडते, तिच्याकडे पैसे भरायची घाई करू नका.

पात्रता: वय सोडून बाकीचं तपासून घ्या

वयोगट संस्था ठरवते आणि तो पाळायचा. आठ वर्षांच्या पोराला ‘अंगानं दांडगा आहे’ म्हणून बारा-पंधराच्या गटात घुसवू नका. चिखलातून पांढरेपाण्यापर्यंत चालताना अंगापेक्षा दम आणि समज लागते.

वयाच्या पुराव्याला शाळेचा बोनाफाईड दाखला किंवा ओळखपत्र पुरतं. जन्मदाखल्याची झेरॉक्सही चालते. आधारची झेरॉक्स मात्र सवयीनं देऊन टाकू नका. आग्रहच असेल तर आधारच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात, आणि ओळख पटवायला तेवढं पुरेसं आहे. मी झेरॉक्सच्या दुकानात टाकाऊ कागदांच्या गठ्ठ्यात मुलांच्या आधारच्या प्रती पाहिल्या आहेत, म्हणून हा एवढा आग्रह.

जात आणि धर्माचे रकाने काही फॉर्मवर अजून असतात. शाळेचा जुना फॉर्म समोर ठेवून कुणीतरी नवा बनवतो आणि ते रकाने तसेच राहतात. डोंगर चढायला त्यांचा काही उपयोग नाही, रिकामे सोडा. ज्या गावात शाहू महाराजांनी जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, तिथं तंबूची वाटणी आडनाव बघून व्हावी हे शोभत नाही. ‘मग जेवणाचं कसं कळणार?’ असं आयोजक विचारतात. सोपं आहे, जेवणाचंच विचारा. शेवटच्या रात्री तांबडा-पांढरा असतो, तेव्हा कोण खात नाही, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाचा उपवास वा रोजा आहे, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे, एवढं स्वयंपाक्याला कळलं की झालं.

दिव्यांग मूल असेल तर

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पालक इथूनच परत जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. त्याचं कलम २९ सहसा कुणी वाचत नाही. सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाच्या त्या कलमात स्काउटिंग, मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम यांत दिव्यांगांना भाग घेता यावा यासाठी शासनानं आणि स्थानिक संस्थांनी पावलं उचलावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. कलम ३ भेदभावाला मनाई करतं आणि गरजेनुसार वाजवी बदल करून द्यावेत असं सांगतं. म्हणजे ‘आमच्याकडे अशी मुलं घेत नाही’ हे उत्तर चालत नाही. धोका खरा असेल तर तो कोणता, कोणत्या उपक्रमात, आणि काय केलं तर टळेल, हे संस्थेनं सांगायला हवं. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) जमणार नसेल तर रॅपलिंग वगळा, अख्खं शिबिर का वगळायचं?

बदल बहुतेक वेळा स्वस्तातले असतात. ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी शिट्टीऐवजी टॉर्चचा इशारा, आणि चालताना तिची जागा पुढच्या प्रशिक्षकाच्या नजरेत. स्वमग्न मुलाला तंबूचे, संडासाचे आणि जेवणाच्या जागेचे फोटो आठवडाभर आधी दाखवायचे, आणि रात्रीच्या शेकोटीजवळच्या ढोलक्यापासून दूर बसायची मुभा द्यायची. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी तळ कुठं टाकायचा याचा विचार आधी करायचा. पन्हाळ्यावर गाडी थेट गडावर जाते. सज्जा कोठीचा जिना त्याला चढता येणार नाही, पण अंबरखान्यासमोर बसून गडाचा इतिहास ऐकायला आणि पक्षी ओळखायला कुणाची आडकाठी आहे?

आता कागद. शिबिराला जायला यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, लागत नाही. शुल्कात सवलत मागायची असेल तर संस्था ते मागू शकते, एरवी मुलाला काय मदत लागते हे सांगणारं डॉक्टरांचं किंवा विशेष शिक्षकांचं पत्र पुरे. कार्ड काढलेलंच नसेल तर मात्र शिबिराच्या निमित्तानं काढून टाका, पुढे शाळेपासून प्रवासापर्यंत उपयोगी पडतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. घरी जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात भरून घ्या. फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, मुलाची सही किंवा अंगठा हे अपलोड करायचं आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. कोल्हापूर शहरातल्यांसाठी ते साधारण सीपीआरच (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). तिथं जुने रिपोर्ट आणि केसपेपर मूळ प्रतींसह न्या आणि मुलाच्या खाण्या-पिण्याची सोय करून जा, कारण रांगेत वेळ मोडतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं तर शासकीय सवलतींना पात्र होता. पण भेदभाव न होण्याचा हक्क ४० टक्क्यांवर अवलंबून नाही.

नाकारलंच, तर कारण लेखी मागा. लेखी कारण मागितल्यावर निम्म्या नकारांचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. तरीही ऐकलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

वैद्यकीय माहिती: इथं काही लपवू नका

दमा, फिट, मधुमेह, हृदयाचा त्रास, मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी, झोपेत चालणं, अंथरुण ओलं करणं, सगळं सांगा. पण ते चारजणांच्या हाती फिरणाऱ्या नोंदणी अर्जावर लिहू नका. वेगळ्या कागदावर लिहून पाकीट बंद करा आणि शिबिरप्रमुखाच्या हाती द्या. सोबत विचारा: हे कोण वाचणार, कुठं राहणार, शिबिर संपल्यावर याचं काय होणार?

निदानाच्या लांबलचक नावापेक्षा कामाची माहिती महत्त्वाची असते. औषध कोणतं, किती, कधी, कोणत्या कप्प्यात. त्रास सुरू होताना मूल कसं दिसतं. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं. काय अजिबात करायचं नाही. फिट आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालणारे आणि नाकाला कांदा लावणारे लोक अजून आहेत, म्हणून हे शेवटचं ठळक लिहा. इन्सुलिन असेल तर ते थंड कसं ठेवणार, हे निघायच्या आधी ठरवा. मुलीला पाळी येऊ शकते या वयाची असेल, तर एका महिला प्रशिक्षकाचं नाव तिला आधीच सांगून ठेवा, यासाठी फॉर्मवर तारखा मागायची गरज नाही.

संमती एक नाही, चार असतात

बहुतेक फॉर्मवर तळाला एकच सही असते आणि तिच्यात सगळं कोंबलेलं असतं. ती फोडून मागा: शिबिरात भाग घ्यायची, तातडीच्या उपचारांची, फोटो-व्हिडिओची, आणि तुमचा नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. पहिल्या दोनशिवाय मूल नेणं कठीण, हे मान्य. उरलेल्या दोन नाकारल्या म्हणून प्रवेश अडायचं कारण नाही.

याला आधार आहे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा. कागदावर घेऊन नंतर संगणकात चढवलेली माहितीही त्यात येते. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला हा कायदा मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. संमती ठरलेल्या कामापुरती आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. संमतीची सूचना मराठीतही मिळायला हवी, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा निवडायचा पर्याय कायद्यातच आहे. मुलांच्या बाबतीतल्या उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. फक्त एक लक्षात घ्या: नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर कुणी ‘अजून लागू नाही’ म्हणालं तर ते तांत्रिकदृष्ट्या खरं असेल. तरीही विचारायला तुम्हाला कोण अडवतंय?

सही कुणाची, यावर टेबलापुढे रोज वाद होतो. आई-वडील पुण्या-मुंबईला आणि मूल आजीकडे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. आजीची माया कितीही खरी असली, तरी कोर्टानं नेमल्याशिवाय ती कायदेशीर पालक होत नाही, तेव्हा संमती आई किंवा वडिलांकडूनच मागवा आणि आजीचं नाव ‘तातडीचा संपर्क’ म्हणून द्या. आणि एकट्या आईला ‘वडिलांची सही आणा’ म्हणून परत पाठवणाऱ्यांनो, तिच्या सहीनं काम भागतं. तिची कहाणी टेबलावर सगळ्यांसमोर ऐकायची तुम्हाला काय गरज?

फोटोंबद्दल दोन अटी लिहून घ्या. मुलाचं नाव आणि शाळा फोटोखाली टाकायची नाही. आणि मूल त्या जागेवर असेपर्यंत जागेच्या नावासह काही टाकायचं नाही. ‘आत्ता आम्ही दाजीपूरच्या जंगलात, ३० मुली, मुक्काम अमुक ठिकाणी’ अशी पोस्ट उत्साहात होते, पण ती कोण वाचतंय हे कुणाला ठाऊक? पालकांना ख्यालीखुशाली कळवायला ज्यात फक्त संस्था लिहू शकते असा ग्रुप पुरतो.

‘काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार नाही’ हे वाक्य सगळीकडे असतं. डोंगरात पाय मुरगळू शकतो, ते समजून सही करा. पण निष्काळजीपणाची जबाबदारी अशा एका ओळीनं पुसली जाते, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

एक गोष्ट मात्र संस्थेच्या तक्रारपेटीत टाकून वाट बघायची नाही. मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याची शंका जरी असली, तरी पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आयोजकावरसुद्धा. १०९८ हा मदतीचा नंबर मुलालाच पाठ करून द्या.

शिबिर संपल्यावर

बॅगेतला चिखल धुऊन झाला की हे पत्र ईमेलनं किंवा हाती पोच घेऊन द्या. मजकूर असा चालेल:

‘माझी मुलगी आपल्या अमुक तारखांच्या शिबिरात सहभागी होती. तिची वैद्यकीय माहिती, ओळखपत्राची प्रत आणि तातडीच्या संपर्काचे नंबर यांचे काम संपले आहे. कायद्याने किंवा विम्यासाठी जे ठेवणे आवश्यक आहे ते कोणते, हे कळवावे. उरलेले नष्ट करून तसे लेखी कळवावे. फोटोसाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे.’

शेवटचं वाक्य फोटोंना संमती दिली असेल आणि आता ती नको असेल तरच ठेवा. उत्तर आलं नाही तर आधी संस्थेच्या तक्रार घेणाऱ्या व्यक्तीकडे जायचं. नव्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे जायचं असेल तेव्हाही हीच पायरी आधी विचारली जाईल.

तो दम्याचा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा आला. या खेपेला फॉर्मच्या तळाची ती बारीक ओळ आम्ही काढून टाकली होती. त्याच्या आईनं बंद पाकीट दिलं, आणि इनहेलर सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात होता.